दर्शनी अक्षर आणि वाचनाचे अक्षर

(सूचनाफलक, भित्तिपत्रके व माहितीपुस्तिका तयार करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



पाणी, रस्ते, शाळा आणि आरोग्य या प्रश्नांच्या गर्दीत अक्षराच्या वळणावर एक तास खर्च करणे काहींना चैनीचे वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रारंभीच एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी ग्रामपंचायतीच्या फलकावर एक सूचना लागलेली मी पाहिली. संगणकावर मोठ्या हौसेने तयार केलेली, जाड उभ्या रेषा आणि तंतूसारख्या बारीक तिरप्या रेषा असलेल्या देखण्या अक्षरांत ती जुळविली होती. मूळ प्रत सुंदरच असणार. परंतु फलकावर लागली होती ती झेरॉक्सची झेरॉक्स. तीत मथळ्यातील ‘बीजवाटप’ या शब्दामधल्या ‘ब’च्या पोटातील बारीक रेषा पार उडून गेली होती आणि शब्द झाला होता ‘वीजवाटप’. एक वयस्कर शेतकरी ग्रामसेवकांना विचारीत होते, “भाऊसाहेब, आमच्या वस्तीवर वीज कधी वाटणार?” जमलेले लोक हसले. पण ज्यांना बियाणे हवे होते त्यांच्यापैकी काहीजण ही सूचना विजेसंबंधी आहे असे समजून पुढे गेले होते, आणि नोंदणीची मुदत त्याच दिवशी संपत होती. हे कळल्यावर हसू ओसरले.

या प्रसंगात चूक कोणाची? लिहिणाऱ्याची भाषा शुद्ध होती. छापणाऱ्याने निष्काळजीपणा केला असेही नाही. अक्षरही वाईट नव्हते. उलट ते फार सुंदर होते. चूक एवढीच की ज्या कामासाठी ते अक्षर जन्माला आले, त्याहून निराळ्या कामाला ते जुंपले गेले होते. हे अक्षर कोठून आले, ते सुंदर का दिसते आणि त्याचे योग्य स्थान कोणते, हे आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

जाड रेषा, बारीक रेषा आणि पायपट्टी

आपण ज्या वळणाविषयी बोलत आहोत ते मूळचे रोमन लिपीतील. नियतकालिकांची मुखपृष्ठे, अत्तराच्या डब्या, समारंभाच्या निमंत्रणपत्रिका यांवर ते आपण नेहमी पाहतो. त्याची लक्षणे तीन. पहिले म्हणजे उभ्या रेषा भरदार आणि आडव्या रेषा केसासारख्या बारीक असतात. मुद्रणव्यवसायात या जाडी-बारकाईतील अंतराला ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतात. दुसरे लक्षण असे की, रेषांच्या टोकांशी असणारी आडवी पट्टी, जिला ‘सेरिफ’ म्हणतात, ती येथे सरळ व सपाट असते. जुन्या वळणांत ही पट्टी उभ्या रेषेला कमानीसारखी मिळत जाते. येथे मात्र ती काटकोनात येऊन टेकते. तिसरे लक्षण म्हणजे अक्षराचा तोल पूर्णपणे उभा असतो. ‘ओ’ हे रोमन अक्षर घेतले तर त्याचा जाड भाग बरोबर डाव्या व उजव्या बाजूस आणि बारीक भाग बरोबर माथ्यावर व तळाशी येतो.

या तिन्हींमुळे अक्षराला एक प्रकारची राजस शिस्त येते. परंतु ही शिस्त कागदावर उतरण्यासाठी लेखणी, कागद, शाई आणि धातू या चारही गोष्टींनी साथ द्यावी लागते. युरोपात ती साथ अठराव्या शतकात मिळाली.

बर्मिंगहॅमचा लेखनशिक्षक

त्यापूर्वीची रोमन अक्षरे रुंद टोकाच्या लेखणीच्या वळणावर घडलेली होती. लेखणी एका कोनात धरली की जाड आणि बारीक रेषा आपोआप उमटतात, मात्र दोहोंतील अंतर बेताचे राहते. पुढे टोकदार, लवचीक लेखणी आली. तिच्यावर दाब दिला की टोक फाकते व रेषा जाड होते. दाब काढला की ती केसासारखी बारीक होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिरांनी ही नजाकत आणखी पुढे नेली. छापखान्याच्या खिळ्यांतही ती आणावी, अशी इच्छा उत्पन्न होणे स्वाभाविक होते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील जॉन बास्करव्हिल (१७०६–१७७५) हा मूळचा लेखनशिक्षक. रोगण लावलेल्या शोभिवंत वस्तूंच्या धंद्यात त्याने पैसा मिळविला आणि तो मुद्रणात ओतला. त्याच्या असे ध्यानात आले की, नाजूक अक्षर केवळ कोरून भागत नाही. त्या काळच्या हातकागदावर साच्याच्या तारांचे वळ उमटलेले असत आणि अशा खडबडीत पृष्ठभागावर बारीक रेषा तुटते. म्हणून त्याने विणलेल्या जाळीवर तयार केलेला गुळगुळीत कागद वापरला, शाई अधिक काळी व दाट केली आणि छापलेले कागद तापविलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढले. १७५७ साली त्याने छापलेला व्हर्जिलचा काव्यग्रंथ हा या खटाटोपाचा पहिला परिपाक होय.

त्याच्यावर टीकाही झाली. या बारीक रेषांनी साऱ्या राष्ट्राचे डोळे जातील, असा आक्षेप एका गृहस्थाने घेतला. बेंजामिन फ्रँकलिन हा स्वतः मुद्रक होता. त्याने त्या गृहस्थाची गंमत केली. विल्यम कॅझलन या जुन्या वळणाच्या कारागिराचा नमुनातक्ता घेऊन त्याने त्यावरील नाव फाडून टाकले आणि तो बास्करव्हिलचा म्हणून पुढे ठेवला. गृहस्थाने त्यातही डोळ्यांना त्रास देणारे दोष एकामागून एक दाखविले! ही हकीकत फ्रँकलिनने १७६० साली बास्करव्हिलला पत्राने कळविली. अक्षराविषयीचे आपले मत पुष्कळदा डोळ्यांचे नसून सवयीचे असते, हे या गोष्टीतून दिसते. म्हणून मी पुढे जी परीक्षा सुचविणार आहे ती मतांची नसून प्रत्यक्ष वाचनाची आहे.

पार्म्याचा राजमुद्रक

बास्करव्हिलने दाखविलेली वाट दोन ठिकाणी टोकाला गेली. पॅरिसमध्ये दिदो घराण्यातील फर्मँ दिदो याने १७८४च्या सुमारास अतिशय बारीक सेरिफ असलेले खिळे घडविले. आणि इटलीतील पार्मा येथे जांबात्तिस्ता बोदोनी याने या वळणाला त्याचे परिपूर्ण रूप दिले.

बोदोनीचा जन्म १७४० साली पीडमाँट प्रांतातील सालुत्सो गावी एका मुद्रकाच्या घरी झाला. तरुणपणी तो रोमला गेला आणि तेथील धर्मप्रसार संस्थेच्या मुद्रणालयात काम करू लागला. या मुद्रणालयात पौर्वात्य लिप्यांचे ठसे होते. विविध लिप्यांशी त्याची ओळख तेथेच झाली. १७६८ साली पार्म्याच्या ड्यूकने त्याला आपल्या राजमुद्रणालयाचा प्रमुख म्हणून बोलाविले. प्रारंभी त्याने पॅरिसच्या फूर्निये याचे खिळे आणून वापरले. मग हळूहळू तो स्वतःचे ठसे कोरू लागला आणि १८१३ साली मृत्यू येईपर्यंत त्याने हे काम सोडले नाही. १८०६ साली त्याने ख्रिस्ती प्रभुप्रार्थना १५५ भाषांत छापून एक ग्रंथ काढला. त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे आपल्या सर्व अक्षरांचा नमुनासंग्रह. तो मात्र त्याला पाहावयास मिळाला नाही. त्याची पत्नी मार्गेरिता हिने १८१८ साली त्याचे दोन खंड प्रसिद्ध केले. एका कारागिराच्या आयुष्यभराच्या श्रमाचे स्मारक त्याच्या पत्नीने उभारावे, ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासात आदराने नोंदविण्यासारखी आहे. त्याने कोरलेले हजारो पोलादी ठसे पार्म्यात आजही जतन करून ठेवलेले आहेत.

या संग्रहाच्या प्रस्तावनेत बोदोनीने सुंदर अक्षराचे चार गुण मानले आहेत : सारखेपणा, स्वच्छ रेखीवपणा, सुरुची आणि लालित्य. त्याचे पान उघडले की हे चारही गुण प्रत्ययास येतात. परंतु त्या पानावर आणखीही एक गोष्ट असते, ती म्हणजे मोकळी जागा. रुंद समास, ओळींमध्ये ऐसपैस अंतर, मोठी अक्षरे आणि थोडे शब्द. बारीक रेषा दिसावी म्हणून तिच्याभोवती शांतता राखलेली असते. बोदोनीचा वाचक राजवाड्यात, ग्रंथसंग्रहालयात, चांगल्या उजेडात बसून पान पाहणारा होता. हे पान वाचण्याइतकेच पाहण्यासाठी होते. पुढे विल्यम मॉरिससारख्या इंग्रज मुद्रकाने बोदोनीच्या अक्षरावर कठोर टीका केली, तिचे मूळ बव्हंशी येथेच आहे. पाहण्याचे अक्षर सरसकट वाचनाच्या पुस्तकांत शिरले होते, आणि तेही बोदोनीच्या कागदावाचून व त्याच्या मोकळ्या जागेवाचून.

एकाच नावाची अनेक अक्षरे

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. जुन्या पद्धतीत खिळा कसा तयार होई? कारागीर पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरी. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा तयार करी आणि त्या साच्यात शिसेमिश्रित धातू ओतून खिळे काढी. प्रत्येक आकारासाठी ठसा स्वतंत्रपणे कोरावा लागे. हे काम अपार कष्टाचे खरे, पण या कष्टात एक शहाणपण दडलेले होते. लहान अक्षर कोरताना कारागीर बारीक रेषा मुद्दाम थोडी जाड ठेवी, अक्षराचे पोट थोडे मोकळे करी आणि दोन अक्षरांमधील अंतर किंचित वाढवी. मोठे अक्षर कोरताना तो रेषा निःशंकपणे नाजूक करी. म्हणजे एकाच नावाने ओळखली जाणारी लहान आणि मोठी अक्षरे प्रत्यक्षात भिन्न असत. बोदोनीच्या संग्रहात अक्षरांच्या आकारांच्या इतक्या जवळजवळच्या पायऱ्या आढळतात, त्यांचे मर्म हेच.

१८८५च्या सुमारास अमेरिकेत लिन बॉइड बेंटन याने ठसे कोरण्याचे यंत्र तयार केले. एकाच आराखड्यावरून लहानमोठे ठसे काढणे त्यामुळे शक्य झाले. पुढे छायाचित्रण-पद्धतीची जुळणी आली, मग संगणक आला. आज एकच आराखडा आपण हवा तेवढा ताणतो किंवा आक्रसतो. सोय मोठी झाली, परंतु लहान अक्षरासाठी रेषा जाड करणारा तो कारागीर मधून निघून गेला.

हिशोब करून पाहा. ७२ पॉइंटांचे अक्षर म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर उंचीचा खिळा. समजा, त्यातील बारीक रेषा या उंचीच्या शंभराव्या हिश्शाइतकी आहे. ती पाव मिलिमीटर भरेल आणि स्वच्छ दिसेल. हेच अक्षर ९ पॉइंटांवर आणले तर ती रेषा ०.०३ मिलिमीटर होते. कार्यालयात सामान्यतः आढळणारा लेझर मुद्रक इंचाला ६०० ठिपके काढतो, म्हणजे त्याचा एक ठिपका सुमारे ०.०४ मिलिमीटरचा. रेषा ठिपक्याहूनही बारीक झाली! मग यंत्र एक तर ती जाड करते, तुटक करते किंवा सोडून देते. त्यावर झेरॉक्सचे दोन फेरे झाले की काय उरते, ते आपण ‘वीजवाटपा’त पाहिलेच आहे. रोमन लिपीतही हेच घडते. ‘ई’ या लहान अक्षराची आडवी बारीक रेषा गेली की ते ‘सी’सारखे दिसते, आणि ‘एन’ची बारीक कमान गेली की दोन सुट्या काठ्या उरतात.

चांगल्या अक्षररचनाकारांनी हे ओळखले आणि जुने शहाणपण परत आणले. १९९१ साली जोनाथन हेफ्लर या अमेरिकन अक्षररचनाकाराने ‘हार्पर्स बझार’ या नियतकालिकासाठी दिदोच्या वळणाची अक्षरमाला आखली. तीत निरनिराळ्या आकारांसाठी निरनिराळे आराखडे होते, जेणेकरून मोठ्या मथळ्यातही केसासारखी रेषा केसासारखीच राहावी. १९९४ साली बोदोनीच्या अक्षराची जी एक नवी आवृत्ती निघाली, तीत ६, १२ आणि ७२ पॉइंट या तीन आकारांसाठी तीन स्वतंत्र रूपे दिली गेली. म्हणून एखाद्या अक्षरमालेच्या नावापुढे ‘डिस्प्ले’ असा शब्द दिसला तर तो शोभेचा नाही असे समजावे. ‘हे अक्षर मोठ्या आकारात वापरा’ अशी ती आखणाऱ्याने दिलेली सूचनाच आहे.

रस्त्यावर आलेले अक्षर

राजवाड्यातले हे अक्षर रस्त्यावर कसे आले, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये सोडतींच्या आणि नाटकांच्या जाहिरातींची भिंतीवर चढाओढ लागली. रॉबर्ट थॉर्नसारख्या खिळे ओतणाऱ्या कारखानदारांनी बोदोनी-दिदोच्या वळणातील जाड रेषा अधिकाधिक फुगविली आणि बारीक रेषा मात्र तशीच ठेवली. या धष्टपुष्ट अक्षरांना इंग्रजीत ‘फॅट फेस’ असे नाव पडले. दूरवरून जाणाऱ्याची नजर खेचून घेणे एवढेच त्यांचे काम. पुस्तकाच्या अक्षराहून जाहिरातीचे अक्षर वेगळे असते, ही जाणीव तेथे पक्की झाली. ज्याला आज आपण दर्शनी अक्षर म्हणतो त्याचा खरा संसार या भिंतींवर सुरू झाला. नजर खेचली की त्या अक्षराचे काम संपते. मजकूर वाचविणे हे त्याच्या खालच्या साध्या अक्षराचे काम.

आपल्या लिपीची निराळी चाल

आता देवनागरीकडे येऊ. जाड आणि बारीक रेषांचा खेळ आपल्याला परका नाही. बोरूच्या तिरकस कापामुळे तो आपल्या लिपीत पहिल्यापासूनच आहे. मात्र त्याची दिशा निराळी आहे. रोमन लेखणीच्या वळणात वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी तिरपी रेषा जाड येते. देवनागरीच्या परंपरागत वळणात नेमकी हीच रेषा बारीक येते. आता ‘ब’ आणि ‘व’ शेजारी शेजारी लिहून पाहा. दोघांना वेगळे करणारी पोटातील रेषा याच दिशेची. ‘ष’ आणि ‘प’ यांना वेगळे करणारी रेषाही तीच. म्हणजे आपल्या लिपीत अर्थाचा भार काही ठिकाणी नेमका सर्वांत बारीक रेषेवर पडतो. ती गेली की ‘बारा’चा ‘वारा’ होतो, ‘बाबर’ हे आडनाव ‘वावर’ होते आणि ‘विशेष’ सभा वाचता येईनाशी होते. रोमन दर्शनी अक्षराची नक्कल करून उभ्या काठ्या जाड व बाकी सर्व रेषा तंतूसारख्या केल्या, तर देवनागरीत धोका अधिक. त्यातून शिरोरेषाही तशीच बारीक केली तर शब्द एकत्र बांधणारा दोराच तुटतो.

आपल्या पूर्वसूरींना याची उत्तम जाण होती. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातचे ठसे त्यांना लाभले आणि निर्णयसागरचे अक्षर देशभर नावाजले गेले. संस्कृत ग्रंथांतील मूळ श्लोक मोठ्या अक्षरांत आणि त्यावरील टीका लहान अक्षरांत छापताना दोन्ही आकार आपापल्या जागी स्वच्छ राहावे लागत. देवनागरी मुद्राक्षरांच्या या परंपरेचा विस्तृत अभ्यास बापूराव नाईक यांनी केला आणि महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने तो १९७१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. अक्षराचे वळण हा शासनाने लक्ष घालण्याजोगा विषय आहे, हे येथे पूर्वीच मान्य झालेले आहे.

देवनागरीत भारी कॉन्ट्रास्टचे दर्शनी अक्षर असूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. २०१४ साली इंडियन टाइप फाउंड्रीने ‘रोझा वन’ नावाची अक्षरमाला प्रसिद्ध केली. टिम डोनाल्डसन आणि ज्योतीश सोनोवाल यांनी तिची रोमन आणि देवनागरी अक्षरे बरोबरीने घडविली. ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे आणि मोठ्या मथळ्यांसाठीच आहे. ग्रंथमहोत्सवाचे भित्तिपत्रक, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची पत्रिका, स्मरणिकेचे मुखपृष्ठ यांवर असे अक्षर शोभून दिसते. सरकारी किंवा ग्रामीण कागद म्हणजे तो कुरूपच असला पाहिजे, असा नियम कोणी केलेला नाही. सुंदर मथळा पाहून वाचणाऱ्याला आपला मान राखला गेल्यासारखे वाटते. प्रश्न आहे तो फक्त अक्षर कोठे वापरावे याचा.

काही व्यावहारिक सूचना

यास्तव आपणांपुढे काही सूचना ठेवतो.

पहिली अशी की, दर्शनी अक्षर मथळ्यापुरतेच ठेवावे आणि मथळा पाच-सहा शब्दांचा असावा. एकाच पत्रकात एकाहून अधिक दर्शनी वळणे वापरू नयेत. चार वळणे एकत्र आली की एकाकडेही नजर थांबत नाही.

दुसरी, तारीख, वेळ, स्थळ, रक्कम, गट क्रमांक आणि व्यक्तींची नावे ही कधीही नाजूक अक्षरांत देऊ नयेत. नागरिकाचा हक्क याच मजकुरावर अवलंबून असतो. त्यासाठी सारख्या जाडीच्या रेषांचे, मोकळ्या पोटाचे साधे अक्षर घ्यावे.

तिसरी, बारीक रेषेभोवती जागा सोडावी. कोरी जागा वाया जाते, ही समजूत चुकीची आहे. बोदोनीचे अर्धे सौंदर्य त्याच्या समासात आहे.

चौथी, गडद रंगावर पांढरी नाजूक अक्षरे काढू नयेत. छपाईत शाई पसरते आणि बारीक पांढरी रेषा दोन्ही बाजूंनी बुजते. रंगीत चित्रावर मजकूर चढविला तरी हाच परिणाम होतो.

पाचवी, अंतिम प्रत ठरविण्यापूर्वी तिची झेरॉक्स काढावी आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढावी. सूचना भ्रमणध्वनीवरून पाठवावयाची असेल तर ती स्वतःला पाठवून छोट्या पडद्यावर पाहावी. नागरिकाच्या हाती जी प्रत जाणार तीच आपण तपासावी. टेबलावरची पहिली प्रत तपासून काही उपयोग नाही.

सहावी सूचना सर्वांत महत्त्वाची. ज्याने तो मजकूर आधी पाहिलेला नाही अशा एखाद्या वयस्कर माणसाला व चौथीच्या एखाद्या मुलाला तो फलकाच्या अंतरावरून मोठ्याने वाचावयास सांगावा. जेथे त्यांची जीभ अडखळेल तेथे खूण करावी आणि ते अक्षर बदलावे. फ्रँकलिनने त्या गृहस्थाची फजिती केली ती मतांच्या बाबतीत. मोठ्याने केलेल्या वाचनात मात्र अशी फसगत होत नाही. शब्द एक तर वाचता येतो, नाही तर येत नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. मुलांना ‘ब’ आणि ‘व’ शिकविताना कापलेल्या बोरूने किंवा चपट्या टोकाच्या लेखणीने एकदा तरी ती अक्षरे काढून दाखवा. जाडी कोठे येते, बारीक रेषा कोठे येते आणि ती का जपावी, हे एकदा हाताला कळले की मग डोळ्याला वेगळे सांगावे लागत नाही. आज संगणकावर पत्रके करणारी तरुण मंडळी कालपर्यंत आपल्याच वर्गात बसलेली होती.

समारोप

बोदोनीने आयुष्यभर पोलादावर रेषा कोरल्या त्या एका ड्यूकच्या राजमुद्रणालयासाठी. कागद उत्तम, उजेड उत्तम, वाचकाला सवड भरपूर. आपला वाचक उन्हात उभा असतो, त्याचा चष्मा घरी राहिलेला असतो आणि परतीची एसटी सुटण्याच्या बेतात असते. त्याला सौंदर्याचा हक्क नाही असे नव्हे. मथळ्यात त्याला बोदोनीची भरदार, रेखीव रेषा अवश्य दाखवा, तो थांबेल. पण थांबल्यानंतर त्याला जे कळावयाचे आहे, ते पार्म्याच्या लहान अक्षरांच्या ठशांत जी काळजी घेतली गेली तशाच काळजीने त्याच्यासमोर ठेवा.

त्या गावच्या फलकावर नंतर नवी सूचना लागली. मथळा तसाच देखणा होता, मात्र आकाराने दुप्पट मोठा, आणि ‘ब’च्या पोटातली रेषा कोणीतरी काळ्या शाईच्या पेनने हाताने जाड केलेली होती. त्या अनामिक कारकुनाने केले ते काम बोदोनीच्या कारखान्यातलेच होते. लहान आकारासाठी रेषा जाड करणारा जो कारागीर मधून निघून गेला असे मी म्हणालो, तो त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पुन्हा भेटला. आपणा प्रत्येकाच्या कार्यालयात आणि शाळेत तो भेटावा, एवढी इच्छा व्यक्त करतो.